सेतुमामांचं कोणी ऐकत नाही

सेतुमामा ऑफिसर होते की कामगार, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हसू नका. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहिले, त्यांच्या घरची कॉफी प्यायले, त्यांच्याबरोबर कोर्टात जाऊन बसले, तरी कळलेलं नाही. कोर्टालाही कळलेलं नाही, म्हणून तर तारखांवर तारखा पडतायत. आमची आता पुण्याला बदली झाली, पण पद्मामामींचा फोन येतो आणि त्या पुढची तारीख सांगतात. मी "हो का" म्हणते आणि फोन ठेवल्यावर पुन्हा तोच घोळ डोक्यात सुरू होतो.

आम्ही मूळचे सांगलीचे. यांची बँक मद्रासला, नुंगंबाक्कमला, पण तिथलं भाडं ऐकून मी दारातूनच परत फिरले, आणि आम्ही अंबत्तूरला घर घेतलं. नवीन गाव, तमिळ एक अक्षर येत नाही, भाजीवाल्याशी हातवारे करून बोलायचं. असल्या दिवसांत एकदा मी दाण्याची चटणी करायला मिक्सर लावला होता. मिक्सर आमच्यापेक्षा जोरात ओरडायचा. बेल वाजली. दारात पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला पेन, कपाळाला गंधाची बारीक रेघ आणि हातात हा एवढा लांब स्क्रू-ड्रायव्हर! मी घाबरून अर्धं दार लोटलंच.

"अम्मा, रागावूं नका," गृहस्थ म्हणाले. "तुमच्या मिक्सीला फार त्रास होतो आहे. मजला वर ऐकवत नाही."

मराठी! मद्रासमध्ये, माझ्या दारात, आणि तेही असलं बखरीतून उठून आलेलं मराठी. "तुम्ही मराठी?" मी ओरडलेच.

"आम्ही तंजावरचे," ते म्हणाले, जसं काही तंजावर मिरजेच्या पलीकडेच आहे. आणि आत येऊन त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मिक्सरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतात तसे. "खालचा बुश गेला," म्हणाले. मग खिशातून कापसाच्या धाग्यांचा एक मळकट गोळा काढून हात पुसले आणि निघताना विचारलं, "जेवून जाहलं?" तो त्यांचा राम राम. कोणालाही, कुठल्याही वेळी, "जेवून जाहलं?"

त्यांचं बोलणं मला जमेल तसं लिहिते आहे. मध्ये मध्ये तमिळ शिरायचं, शेवटी सूर वर जायचा आणि प्रत्येक वाक्य प्रश्न वाटायचं. मी पहिले काही महिने त्यांच्या नुसत्या सांगण्यालाही उत्तरं देत होते.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर दारावर पितळेची पाटी, आरशासारखी लखलखीत. बी. सेतुमाधव राव, असिस्टंट मॅनेजर. मला वाटलं, अगं बाई, मॅनेजरच्या हातून मिक्सर दुरुस्त करून घेतला की काय! पाटी पद्मामामींनी करवून घेतली होती आणि दर शुक्रवारी त्या ती चिंचेने घासायच्या. मामींचे वडील आयुष्यभर कारकून होते. "आमच्या घराण्यांत पहिले ऑफिसर हेच," त्या सांगायच्या आणि सांगताना पदर सारखा करायच्या.

मामा मोटारींचे पत्र्याचे भाग करणाऱ्या कारखान्यात होते. पोरसवदा असताना फिटर म्हणून लागले, मोठमोठ्या प्रेस मशीन सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले, आणि मग कंपनीने त्यांना एकदम असिस्टंट मॅनेजर केलं. काम? काम तेच. हाताखाली माणूस? एक नाही. फक्त शर्ट निळ्याचा पांढरा झाला. मामींनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला आणि मामांना बजावलं, आता तेलात हात घालायचा नाही. ते "सरि, सरि" म्हणाले आणि रोज हात घालत राहिले. कापसाचा तो गोळा पँटच्या खिशात लपवून आणायचे आणि धुण्यात सापडला की वरून मामींचा आवाज खाली माझ्या स्वयंपाकघरात यायचा.

जेवणाची गंमत मामा स्वतःच सांगायचे. कँटीनमध्ये ऑफिसरांची खोली वेगळी, टेबलावर कापड, काचेचे ग्लास. बढती झाली त्या दिवसापासून त्यांना तिथे बसावं लागलं. "तेथें सगळे हळू बोलतात आणि चमच्यानें जेवतात, अम्मा. मजला भात गिळवत नव्हता." मग ते तिथे दोन घास खायचे आणि उठून पलीकडे कामगारांच्या कँटीनमध्ये ताक प्यायला जायचे. इकडचे म्हणायचे, हा आपला नाही. तिकडचे बाकावर सरकून जागा करायचे, पण "सार" म्हणून, हात पुसून. "मग तुम्ही कुठले, मामा?" मी विचारलं. "मी ताकाचा," ते म्हणाले आणि आपणच खो खो हसले.

पण एक होतं. त्यांचं सगळे ऐकायचे. कारखान्यात ऐकायचे असं सेल्वम सांगायचा. सेल्वम म्हणजे प्रेसवरचा ऑपरेटर, युनियनचा माणूस, मिशाळ. आणि बिल्डिंगमध्ये तर मी रोज बघत होते. पाण्याच्या पंपाला हात लावून मामा म्हणाले "आज नको", की वॉचमन पंप बंद ठेवायचा आणि आम्ही सगळे मुकाट्याने बादल्या भरून वर न्यायचो. मी तशी कोणाचं ऐकणारी बाई नाही, सासूबाईंना विचारा. पण मामांनी सांगितलं की मीही गॅसची नळी बदलायचे. त्यांना कसला अधिकार होता? कसलाच नाही. पण त्यांनी मशीनला हात लावून काही सांगितलं की ते खरं असायचं, एवढंच.

मग कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली. कामगारांना हात लावणं सोपं नव्हतं. त्यांच्या मागे युनियन, त्यांच्या मागे कायदा; काढायचं तर नोटीस, भरपाई, सरकारदरबारी परवानगी, शंभर भानगडी. ऑफिसरांचं काय? एका दुपारी एकेकाला आत बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सांगितलं, उद्यापासून नको.

मामा नेहमीपेक्षा लवकर घरी आले. मी जिन्यातच होते. "मामा, बरं नाही का?"

"जागा गेली म्हणे," ते म्हणाले. "मी विचारलें, माझी चूक काय? चूक कांही नाही म्हणाले, तुमची जागाच राहिली नाही. जागा तर तेथेंच आहे, अम्मा. मी येतांना पाहून आलों."

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. चार मशीन, त्यांच्यामधली ती वाट, भिंतीवरचं अवजारांचं कपाट, सगळं जिथल्या तिथे होतं. मग गेलं काय? मी "असंच असतं हो हल्ली" म्हणाले, पण मलाही कळलेलं नव्हतं. त्यांची मुलगी बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिने फोनवर सांगितलं, अप्पा, हे नॉर्मल आहे, आमच्याकडे दर वर्षी होतं. मामांनी फोन मामींकडे दिला आणि म्हणाले, "ही नॉर्मल म्हणते. हिलाही ताप आला आहे की काय?"

आणि घोडं अडलं ते मामींच्या गुडघ्यावर. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात उजवा अगदीच. ऑपरेशनचं ठरलं होतं, हॉस्पिटलही ठरलं होतं, सगळं कंपनीच्या विम्यातून. नोकरी गेली तसा विमाही गेला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मामी एकेक पायरी दोन्ही पायांनी चढायच्या, कठडा धरून, आणि मी मागून बघते आहे असं कळलं की थांबून उगाच भिंतीवरची जळमटं बघितल्यासारखं करायच्या. मला भरून यायचं आणि राग यायचा. कोणावर ते सांगता येत नव्हतं.

यांच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या, नुंगंबाक्कमलाच. मीच मामा-मामींना घेऊन गेले. बाई तरतरीत, इंग्रजीत बोलल्या म्हणून मलाही समजलं. म्हणजे शब्द समजले. त्या म्हणाल्या, पाटीवर काय लिहिलं आहे याला महत्त्व नाही, तुम्ही दिवसभर करत काय होता याला आहे. तुम्ही कामगार ठरलात तर तुम्हाला असं काढता येत नाही, कायदा तुमच्या बाजूने आहे, नोकरी परत मिळू शकते. मॅनेजर ठरलात तर कायद्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही.

"म्हणजे काय सिद्ध करायचं?" मी विचारलं.

"की यांना कसलाही अधिकार नव्हता. हे हुकूम देत नव्हते. यांच्या हुकमावर कोणी चालत नव्हतं."

मामींनी पदर सारखा केला. त्या म्हणाल्या, "पण हे ऑफिसर आहेत."

"मामी, ते ऑफिसर असतील तर तुमचा गुडघा होत नाही," मी जरा जोरातच म्हणाले. काय करणार, तोंड आहे आपलं. मामींनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांची पाटीच उचकटली होती. माणूस आयुष्यभर वर चढायला धडपडतो, आणि वाचायचं असेल तर म्हणे खाली होतो हे सिद्ध कर! तेल गेलं तूप गेलं आणि वर धुपाटणंही आपलं नव्हे असं शपथेवर सांगायचं.

मामांना साक्षीदार हवा होता, म्हणून सेल्वम घरी आला. कॉफीचा पेला त्याने हातातच धरून ठेवला. तो तमिळमध्ये काय म्हणाला ते मामींनी मला सांगितलं. म्हणाला, "सार, तुम्ही हुकूम देत नव्हता, आम्ही तुमचं ऐकत नव्हतो, हे मी कोर्टात सांगीन. पण मी सांगताना तुम्ही समोर बसू नका."

कोर्टात मी गेले, कारण मामींना जिना एकटीने चढवेना. तिथे सगळं तमिळ आणि इंग्रजीची खिचडी. मामी माझ्या कानात कुजबुजत अर्थ सांगत होत्या आणि मध्येच थांबत होत्या. कंपनीचा वकील म्हणजे साखरेत घोळलेला माणूस. "राव सार, राव सार" करत विचारत होता. रजा हवी असली की कामगार तुम्हाला सांगत होते ना? मशीन बंद करा असं तुम्ही म्हणालात तर बंद करत होते ना? इतक्या वर्षांचा अनुभव तुमचा, तुमचा शब्द कोण मोडणार, सार?

अहो, इतक्या प्रेमाने कोणी विचारलं तर कोणीही फुलेल. मामांचा चेहरा उजळलासुद्धा. वकीलबाई कागदावर पेन आपटायला लागल्या. मामांनी मामींकडे बघितलं. म्हणजे चेहऱ्याकडे नाही, खाली, बाकाखाली लांब करून ठेवलेल्या पायाकडे.

"मजकडे अधिकार नव्हता," ते म्हणाले.

"तसं नाही सार. कोणी तुमचं ऐकत नव्हतं, असं म्हणायचं आहे का?"

मामा तमिळमध्येच म्हणाले, "नान सोन्नाल यारुम केक्क माट्टांग."

मी मामींना ढोसलं, काय म्हणाले? मामींनी डोळ्याला पदर लावला होता. "म्हणाले, माझें कोणी ऐकत नाही."

बाहेर आल्यावर वकीलबाई खूष होत्या. उत्तम झालं, पुढच्या तारखेला उरलेलं आटपू, म्हणाल्या. मी मामांना ताक आणून दिलं. त्यांनी ते हातात धरलं आणि तसंच परत दिलं.

त्यानंतर माणूस बदलला. मामींनी पाटी काढून कपड्यांच्या कपाटात तळाशी ठेवली. दारावर स्क्रूची भोकं राहिली. ते मी समजू शकत होते. पण मामांनी सांगणंच सोडून दिलं. पंप कण्हत होता आणि मामा गॅलरीत बसून ऐकत होते. एकदा मी मुद्दाम, अगदी मुद्दाम, मिक्सरमध्ये सुके दाणे घालून तो किंचाळवला. कोणी आलं नाही. मीच वर गेले, भांडायलाच गेले. "मामा, माझा मिक्सर ओरडतोय, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतें."

"मग सांगत का नाही?"

"सांगून काय, अम्मा? माझें कोणी ऐकत नाही. कोर्टांत लिहून घेतलें आहे."

थट्टा करत होते की खरं बोलत होते? सूर नेहमीसारखा वर गेला, त्यामुळे मला तेही समजलं नाही. खाली येऊन मी यांच्यावर ओरडले. यांचा काय दोष म्हणा.

आणि आली आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली सुरी-कात्री पुजतात, पण तिथे कारखानेच्या कारखाने धुऊन निघतात. प्रत्येक जण आपलं मशीन पुसतो, गंध-कुंकू लावतो, माळ घालतो, चुरमुरे वाटतात. आणि गेटाबाहेर रस्त्यावर कोहळा फोडतात, दृष्ट जावी म्हणून. मामांच्या कारखान्यात कोहळा वर्षानुवर्षं मामाच फोडायचे. फोडला की आत तोंड करून म्हणायचे, "ओडट्टुम!" म्हणजे, चालू द्या. ते म्हणाले, की मशीन क्षणभर सुरू करून बंद करायची. मगच कारखाना सणाला सुटायचा. यात मॅनेजर-बिनेजर कोणी विचारायचं नाही.

आदल्या दिवशी सेल्वम आला. "सार, कोहळा तुम्हीच फोडायचा. गेटाबाहेर आहे, बाहेर तर कोणी अडवत नाही."

मामींनी मला वर बोलावलं. रडून रडून तोंड सुजलं होतं. वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं, गेटवर कॅमेरा आहे. यांच्या शब्दावर मशीन चालली असं त्यात दिसलं तर पुढच्या तारखेला तेच दाखवतील. मामी मामांना म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यापेक्षां तो कोहळा मोठा जाहला?" मामांनी कपाटातून धुतलेला निळा शर्ट काढला, जुना, फिटरचा, आणि इस्त्री करत बसले. त्या शर्टाकडे मामी नुसत्या बघत राहिल्या. शेवटी मला म्हणाल्या, "तूच ने त्यांना स्कूटरवर. नाही तर चालत जातील. पण बोलूं देऊं नको."

"मी बघते, मामी," मी छातीठोकपणे म्हणाले.

गेटाशी पोचलो तर आतून सगळे कामगार गेटापर्यंत आलेले, मागे मशीनना झेंडूच्या माळा, धूप, नवे साहेब एका बाजूला टाय लावून उभे. कॅमेरा वर होताच. मामा गेटाच्या बाहेर, रस्त्यावर. सेल्वमने कोहळा हातात दिला. वर कापूर पेटवलेला, आत कुंकू. मामांनी ओवाळला आणि दाणकन आपटला. लाल कुंकू रस्ताभर झालं.

आणि मग गप्प. सगळे मामांकडे बघतायत, मामा खाली बघतायत. मी मनात म्हणतेय, शाब्बास मामा, असेच राहा. नव्या साहेबांनी हात हलवून मशीन सुरू करायला सांगितलं. कोणी हललं नाही. पुन्हा सांगितलं. सेल्वम मामांकडेच बघत उभा. आता मला कळेना, की हे काय झालं? बोलले असते तर ऑफिसर, आणि न बोलल्यामुळे सगळा कारखाना थांबलाय तर मग ते कोण?

मामांनी सिक्युरिटीवाल्याकडे खराटा मागितला. "सार, मी करतो," तो म्हणाला. मामांनी त्याच्या हातातून खराटा घेतला आणि वाकून कोहळ्याच्या फोडी रस्त्याच्या कडेला लोटायला लागले. दर वर्षी लोटायचे म्हणे. त्या सणात फोडींवरून घसरून कितीतरी दुचाक्या पडतात. सगळं साफ केलं, खराटा परत दिला, खिशातून तो कापसाचा गोळा काढून हात पुसले आणि माझ्या मागे येऊन बसले. आतून अजून आवाज नाही. मी सुटकेचा श्वास टाकून बटण दाबलं. स्कूटर सुरू झाली.

"थांब, अम्मा," मागून आवाज आला.

मी ओळखलं. मामींना शब्द दिला होता. नुसती मूठ पिळून निघाले असते तर संपलं असतं, ते काही चालत्या स्कूटरवरून उडी मारणार नव्हते. सुजलेलं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढे होतं. पण मी थांबले. का थांबले, देव जाणे. मामांनी सांगितलं की मी ऐकत आले होते, एवढंच.

ते उतरले, गेटापर्यंत गेले, पाय बाहेरच ठेवून उभे राहिले आणि कॅमेऱ्याखाली मान वर करून खणखणीत म्हणाले, "ओडट्टुम!"

सगळ्या मशीन एकदम धडधडल्या. माझ्या पायाखालचा रस्ता हलला. मामांनी मान कलती करून क्षणभर ऐकलं, मग हळूहळू चालत येऊन मागे बसले.

"पूजेच्या दिवशीं मशीन उभी ठेवूं नये, अम्मा," ते म्हणाले.

बिल्डिंगपाशी आलो तर मामी खाली उतरून पहिल्या पायरीवर बसलेल्या, उजवा पाय लांब केलेला. त्यांनी मला नाही, मामांना विचारलं, "बोललांत?"

मामांनी मान डोलावली.

मामींनी वर हात केला, उठवा म्हणून. "आणि ऐकलें?"